बीबॉप ते मोडल: 1940 ते 1960 मधल्या जॅझ शैली कानाने कशा ओळखायच्या?

रेवाकाठ
जॅझबद्दल वाचायला घेतलं की स्विंग, बीबॉप, कूल, हार्ड बॉप, मोडल अशी नावं एकामागोमाग येतात. वर्णनंही ठरलेली: बीबॉप वेगवान, कूल शांत, हार्ड बॉपमध्ये ब्लूज जास्त. प्रत्यक्ष ऐकायला बसलं की यातलं काही कामाला येत नाही. संथ बीबॉप सापडतो, सुसाट हार्ड बॉपही सापडतो. हार्मोनियम आणि थोडाफार कीबोर्ड वाजवणाऱ्याला कळेल अशा भाषेत कुणी सांगेल का, कान कोणत्या वाद्याकडे लावायचा, मोजायचं काय आणि घरी काय वाजवून बघायचं? सविस्तर लिहिलंत तर उत्तम.

पितळी
वेग बाजूला ठेवा. दोनच गोष्टी धरा: ड्रमर ठेका कुठे धरतो, आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) किती वेळाने बदलते. या वीस वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या उलथापालथी या दोन प्रश्नांच्या उत्तरात आहेत.

आधी ठेका. स्विंगच्या मोठ्या बँडमध्ये पायाचा बास ड्रम चारही मात्रांवर पडतो, गिटार चारही मात्रांवर तुटक कॉर्ड देते (काउंट बेसीच्या बँडमधला फ्रेडी ग्रीन ऐका), बास हे खर्जाचं तंतुवाद्य चारही मात्रा चालतं. नाचणाऱ्यांच्या पायाला हे लागतं. 1940 च्या आसपास ड्रमर केनी क्लार्कने हा ठेका पायातून काढून उजव्या हाताच्या राइड सिंबलवर (काठीने वाजवायची मोठी झांज) नेला. पाय आणि डावा हात मोकळे झाले. आता बास ड्रम मध्येच, अनपेक्षित जागी वाजतो. त्याला वादक 'बॉम्ब टाकणे' म्हणत. हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर बंद होते.

म्हणून पहिली कसोटी ही: तळाला चारही मात्रांवर सलग धप-धप ऐकू येते आहे, की वर सिंबलची सलग रेघ आहे आणि खाली तुटक ठोके? दुसरं असेल तर तुम्ही स्विंगच्या पुढे आलात.

पांढरी_चार
पितळींच्या मुद्द्याला जोडून स्थळ-काळ देतो. केनी क्लार्क आणि पियानोवर थेलोनियस मंक हे हार्लेममधल्या 118 व्या रस्त्यावरच्या मिंटन्स प्लेहाउसचे नेमलेले वादक होते. इतर बँडमधलं काम संपवून लोक रात्री तिथे वाजवायला येत. ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी, गिटारवाला चार्ली ख्रिश्चन तिथलेच. सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर आधी मन्रोज अपटाउन हाउसमध्ये वाजवायचा.

या घडणीच्या काळाच्या रेकॉर्ड फार थोड्या आहेत, कारण अमेरिकन वादकांच्या संघटनेने 1 ऑगस्ट 1942 पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. डेका या रेकॉर्ड कंपनीने सप्टेंबर 1943 मध्ये संघटनेशी करार केला, कोलंबिया आणि व्हिक्टर या कंपन्या नोव्हेंबर 1944 पर्यंत अडून राहिल्या. त्यामुळे 1945 च्या तबकड्या ऐकताना बीबॉप आकाशातून पडल्यासारखा वाटतो. मधली पायरी ऐकायची असेल तर जेरी न्यूमन या हौशी माणसाने 1941 मध्ये मिंटन्समध्ये घेतलेली मुद्रणं ऐका. चार्ली ख्रिश्चनच्या गिटारचे लांबच लांब सोलो त्यात आहेत. तो मार्च 1942 मध्ये गेला, म्हणून ती मुद्रणं फार मोलाची.

आणखी एक कारण कमी सांगितलं जातं. 1944 मध्ये नाच किंवा गाणं असलेल्या ठिकाणांवर 30 टक्के कर लागला, तो त्याच वर्षी 20 वर आला. नुसतं वाद्यवादन करमुक्त. छोट्या जागेत, खुर्चीत बसून ऐकायच्या पाच जणांच्या बँडला याने बळ मिळालं.

रेवाकाठ
ठेक्याचं लगेच पटलं, दोन तबकड्या शेजारी लावून ऐकल्या की स्पष्ट होतं. पण बीबॉपमधल्या स्वरांचं काय? धावणारे स्वर नुसते क्रोमॅटिक वाटतात, तरी चुकीचे वाटत नाहीत.

तिहाई_तीन
चुकीचे न वाटण्याचं कारण मात्रेत आहे. हे हार्मोनियमवर दोन मिनिटांत पडताळता येतं.

जी सेव्हन ही कॉर्ड घ्या: जी, बी, डी, एफ (पांढरी एक म्हणजे सी). आता वरच्या जीवरून खाली, एका मात्रेत दोन स्वर या लयीत उतरा: जी एफ, ई डी, सी बी, ए जी. मात्रेवर कोण पडलं? जी, ई, सी, ए. कॉर्डमधला फक्त जी. बाकी तिन्ही मात्रांवर बाहेरचे स्वर. वेग वाढला की सगळं घसरल्यासारखं ऐकू येतं.

आता जी आणि एफच्या मध्ये एफ शार्प घाला: जी एफ#, एफ ई, डी सी, बी ए, आणि पुढच्या समेवर जी. मात्रेवर आले जी, एफ, डी, बी, म्हणजे अख्खी कॉर्ड. एक जादा स्वर घेतल्याने सप्तकात आठ स्वर झाले आणि हिशेब जुळला. नंतरच्या शिक्षकांनी याला बीबॉप स्केल असं नाव दिलं, पियानोवादक-शिक्षक बॅरी हॅरिसच्या शिकवणीतही जादा स्वराचा असा हिशेब येतो.

हमखास चूक: जादा स्वर मात्रेवर ठेवणे. एफ शार्प मात्रेवर आला की तो लगेच बेसूर वाटतो. तो नेहमी दोन मात्रांच्या मधल्या जागेतच हवा. दुसरी चूक, सम सोडून मधूनच ओळ सुरू करायची आणि हिशेब तसाच ठेवायचा. मधल्या जागेवरून सुरू केलंत तर पहिला स्वर कॉर्डबाहेरचा घ्या म्हणजे मात्रेवर पुन्हा कॉर्डचा स्वर येईल.

पितळी
+1. आणि याच्या खाली पियानो-बास काय करतात तेही बघा. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन, हा जॅझमधला सर्वांत वापरातला क्रम. जी सेव्हनच्या जागी डी फ्लॅट सेव्हन वाजवला तरी चालतो. जी सेव्हनचं काम बी आणि एफ हे दोन स्वर करतात, आणि डी फ्लॅट सेव्हनमध्ये हेच दोन स्वर आहेत, फक्त त्यांच्या भूमिका अदलाबदल झालेल्या. बास मग डी, डी फ्लॅट, सी असा अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरतो. बीबॉपमध्ये हे सारखं ऐकू येईल.

डाव्या हाताला हे तीन जोड पुरे आहेत: एफ-सी, मग एफ-बी, मग ई-बी. दर वेळी एकच बोट अर्धा सूर खाली सरकतं. मूळ स्वर वाजवू नका, तो बासचा. कीबोर्ड शिकणारे डाव्या हातात खाली पूर्ण कॉर्ड दाबतात, तिथे सगळं गढूळ होतं. मधल्या सी-च्या आसपास हे जोड ठेवा.

खर्ज_वाला
'को-को' कुणी सांगितलं नाही अजून? 26 नोव्हेंबर 1945, सॅव्हॉय कंपनी. पार्कर अल्टो सॅक्सोफोनवर, मॅक्स रोच ड्रमवर, कर्ली रसेल बासवर, आणि गिलेस्पी ट्रम्पेटही वाजवतो, पियानोही. खालच्या कॉर्ड 'चेरोकी' या प्रसिद्ध गाण्याच्या, आवर्तन 64 बारचं (एक बार म्हणजे इथे चार मात्रा). वेग मिनिटाला 300 मात्रांच्या घरात. पार्करचा सोलो दोन आवर्तनांचा, 128 बार, म्हणजे सुमारे पावणेदोन मिनिटं.

पहिल्या प्रयत्नात ते सुरुवातीनंतर 'चेरोकी'ची चाल वाजवू लागतात आणि मुद्रण थांबवलं जातं. तो तुकडा आज ऐकायला मिळतो. मूळ चाल वाजली असती तर तिच्या मालकाला मानधन द्यावं लागलं असतं. चालीला स्वामित्वहक्क असतो, कॉर्डच्या क्रमाला नसतो. म्हणून बीबॉपमध्ये जुन्या कॉर्डवर नवी चाल बांधायची रीत इतकी रुजली. 'ऑर्निथॉलॉजी' ही 'हाउ हाय द मून'च्या कॉर्डवर, 'डॉना ली' ही 'इंडियाना'च्या. 'आय गॉट ऱ्हिदम'च्या कॉर्डवर बांधलेल्या चाली तर मोजता येणार नाहीत.

हा शेवटचा साचा ओळखायला शिका, खूप काम सोपं होतं. 32 बार, आठ-आठचे चार भाग, अ-अ-ब-अ. बी फ्लॅटमध्ये असेल तर 'ब' भागात डी सेव्हन, जी सेव्हन, सी सेव्हन, एफ सेव्हन, प्रत्येकी दोन बार. 'अ'मध्ये दर दोन मात्रांना कॉर्ड बदलते आणि 'ब' आला की जागा एकदम ऐसपैस होते. तो बदल कानाने पकडता आला की तुम्ही आवर्तनात कुठे आहात ते कळतं.

रेवाकाठ
हे फार उपयोगी. आता कूल. तो बीबॉपच्या विरोधात निघालेला पश्चिम किनाऱ्यावरचा प्रकार, बरोबर?

पांढरी_चार
दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या. पायाभूत मुद्रणं न्यूयॉर्कची आहेत. ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, संयोजक गिल एव्हान्स, बॅरिटोन सॅक्सवाला जेरी मलिगन, पियानोवादक जॉन लुईस ही मंडळी 55 व्या रस्त्यावर एका चिनी लाँड्रीच्या मागे असलेल्या गिल एव्हान्सच्या खोलीत जमायची. सप्टेंबर 1948 मध्ये हा नऊ जणांचा बँड रॉयल रूस्ट या क्लबमध्ये वाजला. कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीसाठी मुद्रणं झाली जानेवारी 1949, एप्रिल 1949 आणि मार्च 1950 मध्ये. बारा तुकडे. 'बर्थ ऑफ द कूल' या नावाची मोठी एलपी 1957 ची आहे, तेव्हा हे सगळे पुढच्या कामाला लागलेले होते.

आणि विरोध म्हणाल तर डेव्हिस पार्करच्याच बँडमधून आला, ड्रमवर मॅक्स रोच आणि केनी क्लार्क आहेत. स्वरांची भाषा बीबॉपचीच. बदललं ते वाद्यांचं मिश्रण. ट्रम्पेट, ट्रोम्बोन, फ्रेंच हॉर्न, ट्यूबा, अल्टो आणि बॅरिटोन सॅक्स, पियानो, बास, ड्रम. टेनर सॅक्स नाही. ट्यूबा इथे बासचं काम करत नाही, चालीचा खालचा आवाज म्हणून चालतो. ही कल्पना क्लॉड थॉर्नहिलच्या बँडमधून आली, तिथे एव्हान्स संयोजन करायचा. स्वरांना कंप जवळजवळ नाही, सगळ्या फुंकवाद्यांचा आवाज मधल्या पट्टीत एकमेकांना चिकटलेला.

'बॉप्लिसिटी' लावा आणि फक्त ट्यूबा ऐका. एकदा तो वेगळा काढता आला की संयोजन कसं विणलंय ते आपोआप उलगडतं. इअरफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर ट्यूबा येतच नाही.

तिहाई_तीन
पश्चिम किनारा यात शिरला 1952 मध्ये. मलिगन लॉस एंजेलिसला गेला आणि हेग नावाच्या जागेत ट्रम्पेटवाल्या चेट बेकरबरोबर पियानोशिवायचा चौघांचा बँड काढला. पियानो नसल्यावर कॉर्ड कोण सांगणार? बास मूळ स्वर देतो, आणि ट्रम्पेट व बॅरिटोन एकमेकांभोवती दोन स्वतंत्र चाली वाजवून उरलेली कॉर्ड सुचवतात. एकाचा सोलो चालू असताना दुसरा मागून लांब, संथ स्वर धरतो. ते लांब स्वर बहुतेक वेळा कॉर्डचा तिसरा किंवा सातवा स्वर असतात, पितळींनी वर दिलेल्या जोडांपैकीच एक.

याच वर्गात पियानोवादक लेनी ट्रिस्टानोचं नाव घ्यायलाच हवं. 1949 मध्ये त्याच्या गटाने 'इन्ट्यूइशन' आणि 'डायग्रेशन' ही आधी काही न ठरवता वाजवलेली मुद्रणं केली. मुक्त वादन 1959 मध्ये ऑर्नेट कोलमनपासून सुरू झालं असं लिहिणारे हे विसरतात.

ब्रश_काठी
हार्ड बॉपवर मी लिहितो, कारण तो ड्रमवरून सर्वांत लवकर ओळखता येतो. ड्रमर आर्ट ब्लेकीची हाय-हॅट दोन आणि चारवर इतकी घट्ट आणि मोठ्याने मिटते की बाकी सगळं तिच्यावर टेकतं. सोलोचं एक आवर्तन संपून दुसरं सुरू व्हायच्या आधी तो स्नेअरवर (पुढ्यातला चपटा, खरखरत्या आवाजाचा ड्रम) दाबून रोल काढतो, आवाज फुगत जातो आणि समेवर फुटतो. त्याच्या जॅझ मेसेंजर्स या बँडच्या कुठल्याही रेकॉर्डवर हा रोल शोधा, आवर्तनाच्या खुणा आपोआप मिळतात.

त्यांचं 'मोनिन' घ्या, 30 ऑक्टोबर 1958, ब्लू नोट कंपनी. चाल पियानोवादक बॉबी टिमन्सची. पियानो एक वाक्य टाकतो, ट्रम्पेट-टेनर दोन कॉर्डमध्ये उत्तर देतात. चर्चमध्ये उपदेशकाला लोक 'आमेन' म्हणून साथ देतात तेच हे. मग मधल्या आठ बारमध्ये ठेका सरळ चालू लागतो. ट्रम्पेटवर ली मॉर्गन आहे, तेव्हा अवघा 20 वर्षांचा. त्याच्या सोलोत बीबॉपच्या धावत्या ओळी आणि ब्लूजचे वाकवलेले स्वर दोन्ही शेजारी-शेजारी आहेत. तेच हार्ड बॉप.

होरेस सिल्व्हर, क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोचचा बँड (1954 ते 1956, जूनमधल्या मोटार अपघातात ब्राउन गेला तोवर), ऑर्गनवर जिमी स्मिथ, ही पुढची नावं.

ब्लू नोटच्या रेकॉर्ड इतक्या नेटक्या का वाटतात, यालाही कारण आहे. कंपनीचा आल्फ्रेड लायन मुद्रणाआधीच्या तालमींचे पैसे देत असे. त्यामुळे चाली लांब आणि गुंतागुंतीच्या असूनही दोन्ही फुंकवाद्यं श्वासासकट एकत्र पडतात. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर, 1959 पर्यंत त्याचा स्टुडिओ हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात होता.

रेवाकाठ
मोडलकडे वळूया, म्हणजे कॉर्ड सारख्या न बदलता एकाच स्वरसाठ्यावर बराच वेळ राहणारा प्रकार. माइल्स डेव्हिसचं 'सो व्हॉट' ऐकताना वाटतं की हा आपला काफीच की. मग त्यात नवं काय?

खर्ज_वाला
स्वर काफी थाटाचे आहेत, राग काफी नाही. शिवाय एक गोष्ट अशी आहे की तिथे तानपुरा ठेवताच येणार नाही.

हार्मोनियम घ्या. षड्ज पांढरी दोन. सा रे कोमल ग म प ध कोमल नि, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. हा पहिल्या 16 बारचा साठा. मग पुढच्या 8 बारना अख्खा साठा अर्धा सूर वर, षड्ज काळी दोनवर. शेवटचे 8 बार पुन्हा पांढरी दोन. एकूण 32, अ-अ-ब-अ, तोच जुना साचा. षड्जच हलतो, म्हणून आसेचा आधार नाही. बास चालत राहतो. वादी-संवादी नाही, चलन नाही, वर्ज्य नाही.

सारखेपणा वेगळीकडे आहे. तेच सात स्वर बराच वेळ हातात असल्यावर वादकाला लय, विराम आणि सप्तकाची चढउतार यांतून आकार द्यावा लागतो. डेव्हिस तो देतो. त्याच्या दोन आवर्तनांत स्वर किती कमी आहेत आणि रिकामी जागा किती आहे, ते कागदावर उतरवून बघा.

पितळी
सोबतच्या कॉर्डही घ्या. 'सो-व्हॉट' असं जे दोन कॉर्डचं उत्तर येतं ते खालून वर: ई ए डी जी बी, मग डी जी सी एफ ए. खालची तीन अंतरं शुद्ध मध्यमाची, वरचं एक शुद्ध गंधाराचं. एकाआड एक स्वर घेऊन रचलेल्या नेहमीच्या कॉर्डसारखं हे कुठे जायची घाई करत नाही.

वाजवताना दोन चुका होतात. एक, पांढऱ्या पट्ट्या आहेत म्हणून हात सी मेजरच्या ओळी वाजवतो आणि वाक्य सी वर संपवतो. सगळा रंग जातो. वाक्य डी, एफ किंवा ए वर टेकवा आणि बी, म्हणजे शुद्ध धैवत, मुद्दाम दाखवा. दोन, आवर्तन हरवतं. शेवटचा 'अ' आणि पुढच्या आवर्तनाचे पहिले दोन 'अ' मिळून 24 बार सलग एकच साठा असतो, वळणावर काहीच बदलत नाही. आठ-आठचे गट मनात मोजल्याशिवाय पर्याय नाही. मेट्रोनोम निम्म्या वेगाला लावा, 136 साठी 68, आणि प्रत्येक टिकटिक ही दुसरी व चौथी मात्रा समजा.

पांढरी_चार
'सो व्हॉट' ज्यात आहे त्या 'काइंड ऑफ ब्लू' या एलपीची मुद्रणं कोलंबियाच्या 30 व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959 ला झाली. त्यात टेनरवर जॉन कोल्ट्रेन आहे. 22 एप्रिलनंतर तेराव्या दिवशी, 5 मे ला, याच कोल्ट्रेनने 'जायंट स्टेप्स' मुद्रित केलं. 16 बारमध्ये 26 कॉर्ड, वेग 290 च्या आसपास. म्हणजे साधारण 13 सेकंदांत 26 कॉर्ड. 'सो व्हॉट'मध्ये पहिले 16 बार जवळपास 28 सेकंद चालतात आणि साठा एकच.

'जायंट स्टेप्स'मध्ये बी, जी आणि ई फ्लॅट अशी तीन केंद्रं आहेत, सप्तकाचे तीन समान भाग. पियानोवर टॉमी फ्लॅनगनसारखा पट्टीचा वादक, पण त्याचा सोलो अडखळतो, शेवटी तो कॉर्डवर येऊन थांबतो. बीबॉपच्या सवयीचे हात नेहमीच्या उतरंडीवर बसलेले असतात. इथे केंद्र मोठ्या गंधाराएवढ्या उडीने बदलतं आणि तयार ओळी बसत नाहीत. कॉर्ड बदलण्याची एक टोकाची मर्यादा आणि दुसरी टोकाची मर्यादा, एकाच माणसाच्या दोन आठवड्यांत. 1940 पासूनचा सगळा प्रवास समजून घ्यायला ही जोडी पुरेशी आहे, असं माझं ठाम मत आहे.

तिहाई_तीन
रागाच्या दिशेने खरोखर गेलेलं काही हवं असेल तर कोल्ट्रेनचं 'इंडिया' ऐका, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, नोव्हेंबर 1961. दोन बास आहेत आणि आस टिकते. रविशंकरांचं वादन तो मन लावून ऐकत होता, मुलाचं नावही रवी ठेवलं.

आपल्याकडचा धागा मात्र मोडलच्या आधीचा आहे. मुंबईच्या हॉटेलांतले गोवेकर वादक नाचणाऱ्यांसाठी वाजवत, त्यामुळे त्यांच्यात स्विंग मुरला. सी. रामचंद्रांच्या 1951 च्या 'अलबेला'त ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटचा वाटा आहे, तिथे ट्रम्पेट ऐका, चारही मात्रांचा ठेका ऐका. 1958 मध्ये पियानोवादक डेव्ह ब्रूबेकचा चौघांचा बँड अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर मुंबईत आला तेव्हा त्याने अब्दुल हलीम जाफर खाँ साहेबांच्या सतारीबरोबर वादन केलं.

रेवाकाठ
सर्वांचे आभार. 'सो व्हॉट' लावून सोबत वाजवतो आहे, पण कीबोर्ड जुळत नाही, रेकॉर्ड किंचित चढी वाटते. कीबोर्ड तर ए 440 हर्ट्झ या प्रमाण सुरावरच आहे.

पितळी
कीबोर्ड बरोबर आहे. 2 मार्चच्या मुद्रणाच्या वेळी मुख्य टेप यंत्र किंचित हळू फिरत होतं. ती टेप योग्य वेगाने वाजवली की सूर चढतो. एलपीच्या पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे, 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन', वर्षानुवर्षं तसेच निघत राहिले. 1992 मध्ये दुसऱ्या यंत्रावरच्या जादा टेपवरून वेग दुरुस्त करून नवी आवृत्ती आली. तुमच्याकडची आवृत्ती जुन्या एलपीवरून घेतलेली असणार. दुसऱ्या बाजूचा 'ऑल ब्लूज' लावून बघा, तो 22 एप्रिलचा आहे, जुळेल. जुळला तर पहिल्या बाजूसाठी दुरुस्त आवृत्ती शोधा, नाहीतर कीबोर्डची फाइन ट्यूनिंग काही सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर चढवून घ्या. बासचा पहिला लांब स्वर धरून जुळवू नका, सुरुवातीच्या त्या मोकळ्या भागात तो सरकतो. दीड मिनिटाच्या सुमारास ड्रमर जिमी कॉबचा सिंबल फुटतो आणि ट्रम्पेट सुरू होतो, तिथून मागे पियानोवादक बिल एव्हान्सच्या (वरचा गिल एव्हान्स वेगळा) कॉर्ड स्वच्छ ऐकू येतात. त्यांच्यावर जुळवा.